पैनगंगेच्या काठी उलटा बाजा

आदिलाबाद स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझी पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"अम्मा, इसमें क्या है? बंदूक?"

"बाजा आहे," मी म्हटलं.

मराठी ऐकताच त्याने हिंदी सोडली. "एवढा लंबा बाजा? दाखवा बरं आमाले."

मला तेवढंच हवं असतं. मी तिथेच फुटपाथवर पेटी उघडली. बघता बघता भोवती माणसं जमली. मी बाजा डाव्या खांद्यावर घेतला. फुंकायची बाजू ओठांशी, आणि त्याचं रुंद पितळी तोंड माझ्या पाठीमागे, आकाशाकडे किंचित वर. रिक्षावाला एकदा पुढून आला, एकदा मागून आला.

"हे तं उलटं हाय! मांगं काऊन वाजते हे?" आणि मग स्वतःच निकाल देऊन टाकला, "बनवनाऱ्यानं त्या दिवशी घेतली असन."

सगळे हसले, मीही हसले. पण बनवणारा शुद्धीवर होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं गुलामगिरीवरून आपसांत लढली. त्या यादवी युद्धात पलटणींबरोबर पितळी बँड असत. बँड चाले सगळ्यांत पुढे आणि शिपाई त्याच्या मागे. पुढे तोंड असलेला बाजा वाजवला तर सूर जाणार रिकाम्या रस्त्याला. चालायचं बळ हवं मागच्यांना. म्हणून कारागिरांनी बाज्याचं तोंडच मागे वळवलं.

माझी लेक अमेरिकेत असते. तिच्या गावातली काही मंडळी त्या काळचे निळे डगले घालून, त्या काळच्या वाद्यांवर, त्या काळचं संगीत बागेत वाजवतात. मी आयुष्यभर नाशिकला मुलींच्या शाळेत बँड शिकवला, त्यामुळे मी तिथे जाऊन उभी राहणार हे ठरलेलंच होतं. एका आजोबांनी आपला बाजा माझ्या खांद्यावर ठेवला, मी फुंकला, आणि माझा सूर माझ्या पाठीमागे उमटला. अंगावर काटा आला. परतताना मी नव्याने घडवलेला तसाच एक बाजा आणि जुन्या सुरावटींच्या प्रती घेऊन आले. पण नाशिकला तो घरात बसूनच वाजवला. तो बसून वाजवायचा नाहीच. त्याच्यामागे माणसं चालायला हवीत.

म्हणून डी.एड.च्या वसतिगृहातली माझी मैत्रीण कमल हिचा फोन आला, "माझ्या भाचीचं लग्न हाय, ये नं मंगल, आमच्या गावची बँडपार्टी हाय, माझा भाऊच तिच्यात ट्रंपेट वाजवाचा, पण..." तेव्हा मी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही. पेटी बांधली.

बोथ

कमलचं घर तेलंगणातल्या बोथच्या बाजाराला लागून. खाली तिच्या यजमानांचं बी-बियाण्यांचं दुकान, वर दोन खोल्या. भावजी दुकानात बसून एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी तेलुगूत आणि नागपूरहून आलेल्या विक्रेत्याशी हिंदीत बोलत होते, आणि मधेच मंडल ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या तहसिलीच्या, शिपायाशी बोलताना 'रकबा', 'पट्टा', 'दरख्वास्त' असे निजामाच्या काळचे शब्द सहज येत होते. मी पायरीवर बसून ऐकत राहिले. एका तासात एवढ्या भाषा मी नाशिकला कुंभमेळ्यातच ऐकल्या असतील.

जेवायला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. आमच्याकडे अंबाडी म्हणजे कधीमधी, कण्या घालून केलेली. इथे ती रोजच्या जेवणात, आणि तिच्यात तिखट इतकं की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कमलने ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली. "ही लाव, कमी लागते." ती भाजीहून तिखट होती.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "तालीम कुठे आहे? मी सुरावटी आणल्यात. तुझ्या भावाच्या पार्टीला शिकवते. वरातीपुढे मी हा बाजा घेऊन चालणार!"

कमल भांडी गोळा करायची थांबली.

"बँड नाई लावला मंगल. भावानं, लक्ष्मणनं, डीजे सांगितला."

"त्याची स्वतःची पार्टी असताना?"

मग तिने सांगितलं. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी लक्ष्मण उठला तो अर्धा चेहरा लुळा पडलेला. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळे. गावात म्हणाले, तोंडावरून वारं गेलं. औषधांनी बराच सुधारला, डोळा मिटायला लागला, बोलणं साफ झालं. पण ओठ एका बाजूला थोडा खाली राहिला, आणि ट्रंपेट लावलं की तिथून वारा निसटे. त्याने ट्रंपेट कपड्यात गुंडाळून कपाटावर टाकलं. तेव्हापासून चारचौघांत जायचं म्हणजे तोंडावर दुपट्टा.

"बँड लावला तं सारे त्यालेच विचारतील, लक्ष्मणा, पोरीच्या लग्नात तू काऊन नाई वाजवून राह्यला? त्यापेक्षा डीजेच बरा, म्हणे. आवाजात कोणी कोणाले विचारत नाई." कमलने पदराने डोळे पुसले. "त्याची पोरगी, पल्लवी, रडली, बोलली, रुसली. लहानपणापासून म्हणते, माह्या लग्नात बाबा वाजवन. तू त्याच्यासमोर हा बाजा काढू नको, बाई."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. पण त्या दुपारी पलंगावर पडल्या पडल्या मला झोप काही आली नाही. माझी हौस बुडाली याचं वाईट वाटत होतं, आणि त्या माणसाच्या ओठाचा विचार डोक्यातून जात नव्हता. फुंकणाऱ्याचा ओठ म्हणजे काय असतो, हे फुंकणाऱ्यालाच कळतं.

भीमपूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी भावजींच्या जीपमधून निघालो. मी बारा गावचं पाणी प्यायलेली, पण असा पळस मी पाहिला नव्हता. पान नाही, नुसतं फूल. डोंगरउतारांवर, बांधांवर, दगडी कुंपणांत, जिकडे बघाल तिकडे केशरी. वेचून झालेल्या कपाशीच्या उभ्या काड्या, त्यांना अडकलेले कापसाचे चुकार पुंजके, आणि मधेच मोहाच्या फुलांचा गोड, जड वास. जीप थांबवून मी फुलं वेचली आणि एक तोंडात टाकलं. भावजी म्हणाले, "जास्त खाऊ नका, मांडवात नाचत पोचाल."

लक्ष्मणचं गाव भीमपूरच्या पुढे, पैनगंगेच्या काठाला. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र. नवरदेवाचं गावही पलीकडच्याच काठावर, समोर दिसणारं. इथे लग्नाचे संबंध नदी ओलांडूनच जुळतात, राज्याची सीमा सोयऱ्यांच्या लक्षातही नसते.

अंगणात लग्नघराची गडबड. खाटांवर धुतलेल्या लुगड्यांवर कुरड्या वाळत घातलेल्या, दारात मांडवाचे बांबू. लक्ष्मण पुढे आला, नमस्कार केला. उंच, काटक माणूस. दुपट्टा नाकापर्यंत. "या ताई. कमल लय सांगत असते तुमचं." आवाज गोड होता. डोळे मात्र माझ्या पेटीवर गेले आणि लगेच दुसरीकडे वळले.

पेटी मी भिंतीशी ठेवली आणि तिच्याकडे बघायचंही नाही असं ठरवलं. ते पल्लवीने मोडलं. आदिलाबादला नर्सिंग शिकलेली, चुणचुणीत पोरगी. हाताला हळद लागायची होती अजून. ती सरळ पेटीजवळ जाऊन बसली.

"मावशी, उघडा नं. आत्या म्हणत होती उलटा बाजा हाय."

मी कमलकडे पाहिलं. कमलने आभाळाकडे पाहिलं.

मी बाजा काढला. अंगणाच्या मधोमध, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिले, आणि त्या युद्धाच्या काळातल्या जलद चालीतली, मला एकटीला वाजवता येईल अशी ओळ दणक्यात सुरू केली. एक गोष्ट मात्र विसरले. माझ्या पाठीमागे गोठा होता.

बाज्याचं तोंड थेट बैलाच्या कानाशी. बैलाने दावं तोडलं. कोंबड्या उडाल्या त्या कुरड्यांवर, बैल शिरला दोन खाटांच्या मधून, एक खाट उलटली, बायका ओरडत धावल्या, आणि मी पुढे तोंड करून वाजवतेच आहे, कारण मला मागचं काही दिसतच नव्हतं. समोरच्यांचे चेहरे बघून मला वाटलं, संगीताचा काय परिणाम होतोय!

वळून पाहिलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात हसू ऐकू आलं. लक्ष्मण खांबाला धरून हसत होता. दुपट्टा गळ्यात आला होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं. हसताना त्याचा ओठ एका बाजूने वर जात होता, दुसरी बाजू मागे राहत होती. पल्लवी कुरड्या वेचायची सोडून बापाकडे बघत होती.

बैल बांधून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. दुपट्टा पुन्हा वर. "पाहू बरं." त्याने बाजा खांद्यावर घेतला. ज्याचा जन्म वाद्यं उचलण्यात गेला त्याचा हात लपत नाही. "हे मांगं काऊन हाय?"

मी सगळं सांगितलं. पुढे बँड, मागे पलटण.

त्याने बाज्याच्या पितळी तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे वाजवणाऱ्याचं तोंड कोणाले दिसत नाई."

एवढी वर्षं मी त्या बाज्याविषयी बोलते आहे. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मागच्यांना फक्त पाठ दिसते."

त्याने बाजा परत माझ्या हातात दिला आणि शेताकडे निघून गेला.

वाळूत

सकाळी मी तोंड धूत होते तेव्हा तो दारात उभा. "ताई, तो उलटा बाजा नदीवर आणता काय? पोट्टीले सांगू नका."

पोट्टीला सांगायची गरज नव्हती. ती आणि कमल आमच्या मागोमाग आल्याच.

उन्हाळ्याच्या तोंडाला पैनगंगा पात्राच्या एका कडेने वाहते, बाकी सगळी वाळू. सकाळच्या उन्हात ती गार होती. पलीकडे म्हशी पाण्यात उतरत होत्या. लक्ष्मणने आमच्याकडे पाठ केली, दुपट्टा काढला, आणि फुंकलं.

फुर्रर्र.

पुन्हा फुंकलं. वारा, थुंकी, आणि अर्धा फाटका सूर. त्याची मान लाल झाली. "पाह्यलं? म्हणून म्हणत होतो."

पल्लवी पुढे झाली. "बाबा, ट्रंपेटची फुंकायची तोंडी लहान असते, ओठ आवळून धरावा लागते. याची मोठी हाय. आवळू नका. सैल धरा. मी रोज तुमच्या ओठाचा व्यायाम घेते, जोर आला हाय त्यात, तुमीच मानत नाई."

मी म्हटलं, "आणि हा बाजा या संगीतात गात नाही. गाणं ट्रंपेटचं. हा फक्त मधल्या जागा भरतो. ढोल म्हणतो धूम, हा म्हणतो पा-पा. धूम पा-पा, धूम पा-पा. खालचेच सूर."

त्याने मान किंचित वळवली. "म्हंजे ट्रंपेट नवरदेव अन् हा करवला."

"अगदी!"

पल्लवीने जेवणाचा स्टीलचा डबा उपडा केला आणि थाप दिली. धूम. लक्ष्मणने फुंकलं. पा. एकच. पुन्हा धूम. पा. आणि मग पा-पा. सूर जाड होता, कडेने थोडा वारा येत होता, पण तो सूर होता, आणि तो थेट आम्हा तिघींच्या अंगावर येत होता, कारण त्याची पाठ आमच्याकडे होती. कमलने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. आम्ही तिथे ऊन चढेपर्यंत धूम पा-पा करत राहिलो. थांबलो तेव्हा तो वाळूत बसला, ओठ चोळला, आणि म्हणाला, "डीजेवाल्याले आत्ताच फोन करतो. मंग हिंमत राहाची नाई."

फोन झाला. अवघड गोष्ट पुढेच होती. पार्टीचे प्रमुख शामराव मास्तर. गावात त्यांचं भाजीपाल्याचं दुकान, आणि लक्ष्मणला ट्रंपेट त्यांनीच शिकवलेलं. शिष्याच्या घरी लग्न आणि आपल्याला बोलावणं नाही, म्हणून त्यांनी त्याच्या घरावरून जाणंही सोडलं होतं. लक्ष्मण मला सोबत घेऊन दुकानात गेला. मास्तर वांगी निवडत होते. वर पाहिलं नाही.

लक्ष्मणने दुपट्टा सोडला आणि समोर उभा राहिला. "मास्तर, हे पाहा. हे असं हाय. म्हणून तुमाले बोलावलं नव्हतं."

मास्तरांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एवढंच?" ते म्हणाले. "मले वाटलं माह्या वाजवण्यात खोट निंगाली." आणि हातातलं वांगं बाजूला ठेवून त्यांनी त्याला जवळ घेतलं.

संध्याकाळी अख्खी पार्टी वाळूत. दोन ट्रंपेट, क्लारनेट, युफोनियम, एक प्रचंड जुना बास, साईड ड्रम आणि ढोलवर पोशेट्टी नावाचा तेलुगू बोलणारा हसरा माणूस. कागद कोणालाच नको होता. मी ओळ सरगममध्ये म्हणायची, मास्तर ती एकदा ऐकून वाजवायचे, मग सगळे. ती जलद चाल सहा मात्रांवर झुलणारी. मी पोशेट्टीला समजावून सांगणार, तोच त्याने आपला दादरा धरला आणि तो तिच्यात असा चपखल बसला की मी उडीच मारली. "बागुंदी!" पोशेट्टी ओरडला. छान आहे!

ऐन रंगात लक्ष्मणचा बाजा मुका झाला. त्या काळच्या बाज्यांत खटका दाबला की आतली फिरकी दोऱ्याने ओढली जाते. तो दोरा तुटला होता. माझ्याजवळचा जास्तीचा दोरा नाशिकला, कपाटात. मी डोक्याला हात लावला. काठावर गळ टाकून बसलेल्या एका माणसाकडून कमल हातभर तंगूस मागून घेऊन आली. मी ती गाठ मारून बसवली, जीभ बाहेर काढून, चष्मा नाकावर घसरवत. फिरकी फिरली. मासे धरायच्या दोरीवर ते युद्धाचं संगीत पुन्हा सुरू झालं.

विश्रांतीत मी त्यांना सांगितलं की त्या युद्धात कधी कधी दोन फौजा नदीच्या दोन काठांवर तळ देऊन असत, आणि संध्याकाळी इकडचा बँड वाजला की तिकडचे शत्रूही ऐकत बसत, मग तिकडचा वाजे. आणि लढाई पेटली की हेच वाजवणारे जखमींना उचलून आणत. मास्तर म्हणाले, "मंग ते आपल्यासारखेच. वरात असो का मयत, वाजवणारा लागतेच."

आम्ही पुन्हा उभे राहिलो तेव्हा पलीकडच्या काठावर माणसांची रांग लागलेली दिसली. पल्लवीचा फोन वाजला. ती ऐकून लाजली आणि ओरडून म्हणाली, "ते विचारून राह्यले, हे काय वाजवून राह्यले तुमी? तिकडं सारे नाचून राह्यले!"

एक गोष्ट राहिली होती. उलटा बाजा एकच. तो खांद्यावर घेऊन वरातीपुढे चालायला मी एवढ्या लांब आले होते. परतताना लक्ष्मणने तो माझ्यापुढे धरला. "ताई, उद्या तुमी वाजवा. मी आज वाजवलं, लय झालं."

खरं सांगते, क्षणभर हात पुढे गेला. मग मी म्हटलं, "मुलगी तुमची आहे."

तो घरात गेला आणि कपाटावरचं कपड्यात गुंडाळलेलं ट्रंपेट घेऊन आला. "मंग हे घ्या. अदलाबदल."

लग्न

नवरदेवाकडची मंडळी सकाळीच ट्रॅक्टरांवरून नदी ओलांडून आली. इथे नवरदेव आधी मारुतीला जातो आणि मग मांडवात. तीच वरात. आमच्याकडे वरात म्हणजे संध्याकाळ, रोषणाई. इथे कोवळं ऊन, शेणाने सारवलेली अंगणं, दारादारांत उभ्या बायका, आणि फुलांनी मढवलेली उघडी जीप.

पार्टी पुढे उभी राहिली. सगळ्यांत पहिल्या ओळीत, मधोमध, लक्ष्मण. दुपट्टा घरी. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला मी, हातात त्याचं ट्रंपेट. पोशेट्टीने ढोल मारला.

धूम पा-पा!

काय सांगू! मी शाळेच्या बँडबरोबर कितीदा संचलन केलं आहे. पण मागे शिपाई नाहीत, नाचणारी माणसं आहेत, आणि बाजा थेट त्यांच्या छातीत वाजतो आहे, हे मी पहिल्यांदा अनुभवत होते. मागून शिट्ट्या, टाळ्या. आमची ट्रंपेटं पुढच्या रस्त्याला गात होती आणि लक्ष्मणचा बाजा मागच्यांना उचलत होता. नवरदेव जीपमधून उतरून नाचायला लागला. धूळ उडाली, पळसाची फुलं उधळली गेली, एक काकू लुगडं खोचून फुगडी घालायला लागल्या. मास्तरांनी सुरावट संपताच हात वर केला, पुन्हा! आम्ही पुन्हा पहिल्यापासून. ओठ बधिर झाले तरी थांबवेना.

मारुतीच्या देवळाच्या वळणावर नवरदेवाचे वडील गर्दीतून पुढे धावत आले. हा दणदणीत आवाज कुठून येतो ते बघायला. ते वळून लक्ष्मणच्या समोर आले आणि थबकले. पार्टी थांबली.

"व्याही? तुमी?" ते म्हणाले. मग आवाज चढला. "अहो, मुलीच्या बापानं वरातीत बाजा वाजवाचा? लोक काय म्हणतील? आमी काय वाजवाले लावलं तुमाले?"

मागचं नाचणं थंडावलं. कोणीतरी हसलं, कोणीतरी कुजबुजलं. सगळे बघत होते, आता समोरून. लक्ष्मणचा हात गळ्याकडे गेला. तिथे दुपट्टा नव्हता. मास्तर एक पाऊल पुढे आले.

पण लक्ष्मणने हात खाली घेतला. त्याने चेहरा लपवला नाही. वाकड्या ओठाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मांडवात गेल्यावर मी व्याही. तुमचे पाय धुतो. आता मी बाजावाला हाव. माह्या पोरीनं लहानपणी मांगून ठेवलं हाय हे."

व्याही त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो ओठ त्यांनी नक्की पाहिला. मग खांद्यावरचा शेला नीट केला आणि वळून लक्ष्मणच्या बाजूला, माझ्या आणि त्याच्या मधे, उभे राहिले. "मंग मी इथून चालतो," ते म्हणाले. "मांगं कान फुटून राह्यले माह्ये."

पोशेट्टीने मोठ्याने हसून ढोल मारला. आम्ही मारुतीपर्यंत तसेच गेलो, दोन व्याही शेजारी शेजारी.

लग्न लागलं. लक्ष्मणने खरोखर पाय धुतले. पंगतीला वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, आणि आमच्या बैलाच्या तावडीतून वाचलेल्या कुरड्या. पल्लवीने माझ्या पानात मूठभर वाढल्या आणि डोळा मारला.

ऊन कलल्यावर पाठवणी. सगळं गाव नदीवर. आया-बाया रडत होत्या, कमल तर बोलूच शकत नव्हती. पल्लवी बापाच्या गळ्यात पडली, मग ट्रॅक्टरवर चढली. लक्ष्मण मला म्हणाला, "ताई, ती दुसरी चाल. धीमी."

त्या जुन्या सुरावटींत एक संथ चाल होती, घरापासून लांब असलेल्यांनी वाजवलेली. आम्ही ती वाळूत एकदाच बसवली होती. मास्तरांनी आणि मी ट्रंपेटं उचलली, नदीकडे तोंड केलं. लक्ष्मणने बाजा खांद्यावर घेतला, दोन पावलं चालला, आणि थांबला. मग त्याच्या लक्षात आलं ते माझ्याही लक्षात आलं.

सूर तिच्याकडे जायचा तर त्याला तिच्याकडे पाठ करायला हवी होती.

त्याने एकदा नदीकडे पाहिलं. ट्रॅक्टर सुरू झाला होता. मग तो वळला, गावाकडे तोंड करून उभा राहिला, आणि फुंकलं. लांब, खालचे सूर, एकेक करून, पाण्यावरून पलीकडे.

माझ्या ट्रंपेटचा सूर मधेच तुटला. मास्तरांनी एकट्यांनी ओळ धरली. मी लक्ष्मणच्या जवळ गेले. दोन ओळींच्या मधे श्वास घेताना त्याने विचारलं, "गेली का?"

"नाही. पाण्यात आहे ट्रॅक्टर."

तो वाजवत राहिला. कडेने वारा निसटत होता, तरी वाजवत राहिला.

"आता?"

"पलीकडे चढला."

"मांगं पाह्यते का ती?"

मी डोळे पुसून नीट पाहिलं. ट्रॅक्टर पलीकडच्या काठावर थांबला होता. हिरव्या शालूतली ती खाली उतरली होती आणि पाण्याच्या कडेला एकटीच उभी होती.

"उतरली आहे," मी म्हटलं. "उभी राहून ऐकते आहे."

लक्ष्मणने मान हलवली. वळला नाही. श्वास घेतला आणि ती चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.